ताकातली गोळी

आमच्या ह्यांना ताक आवडत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ह्या माणसानं ताकाचा पेला कधी ओठाला लावलेला मी पाहिला नाही. कल्हईवाला माणूस. उभा जन्म ‘पितळेनं ताक कळकलं’, ‘कढी हिरवी झाली’ ह्याच तक्रारी ऐकण्यात गेलेला. म्हणून एप्रिलमधल्या एका सकाळी हे म्हणाले, “खैरुन, पेलाभर ताक दे, दुकानात पितो,” तेव्हा माझा हात पातेलीवरच थांबला.

“तुम्ही? ताक?”

“गरमी वाढलीय.”

जव्हारसारख्या थंड डोंगरावर बसून गरमीची तक्रार करायची तर माणूस निदान आणखी थंड मुलखातला असावा लागतो. ह्यांचा तर आजाही इथलाच. तरी मी पेला भरून दिला. दुसऱ्या दिवशी परत मागितला. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “मीठ घालू?”

“नको.”

“जिरं?”

“काही नको. नुसतं दे. आंबट असेल ते दे.”

आंबट असेल ते! तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

हे सगळं सुरू झालं त्याच्या आधीच्या डिसेंबरात, मोखाड्याच्या बाजारात. मोठ्या भांड्याला कल्हई करायची तर आधी ते आतून लख्ख घासावं लागतं, आणि तेवढं काम हाताच्यानं होत नाही. आत वाळू टाकायची, वर गोणपाट, त्यावर उभं राहायचं, एका हातानं झाड नाहीतर खांब धरायचा आणि कंबरेतून वळत वळत पायांनी घासायचं. बघणाऱ्याला वाटतं माणूस नाचतोय. त्या दिवशी हे असेच एका पातेल्यात नाचत होते, आणि नाचता नाचता पातेल्यातच खाली बसले. लोक आधी हसले. मग कोणाला तरी ह्यांचा घामानं थबथबलेला चेहरा दिसला. जीपमध्ये घातलं, जव्हारला आणलं, तिथून नाशिकला नेलं. डॉक्टर धारणकरांनी इंजेक्शन देऊन गुठळी विरघळवली. आठ दिवसांनी माझा माणूस मला परत मिळाला, सोबत चार प्रकारच्या गोळ्या.

तीन गोळ्या ह्यांनी मुकाट मान्य केल्या. अडले चौथीवर. पुढच्या तपासणीला धारणकरांकडं गेलो तेव्हा ह्यांनी विचारलंच.

“डॉक्टरसाब, ही कशाची?”

“कोलेस्टेरॉलची. रक्तातल्या चरबीची.”

ह्यांनी खिशातून रिपोर्टचा कागद काढला. त्यावर एकशे अडुसष्ट लिहिलं होतं आणि समोर छापलं होतं, दोनशेच्या आत ठीक. मी घरी वाचून दाखवलं होतं, ह्यांनी पाठ करून ठेवलं होतं. “माझी चरबी तर बरोबर आहे. मग चरबीची गोळी कशाला? कल्हई असलेल्या भांड्याला मी परत कल्हई करायला घेतली तर गिऱ्हाईक मला चप्पल दाखवील.”

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. त्यांच्या हातातल्या पेनावर त्याच गोळीचं नाव होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरही तेच. ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी आधीच पाहिलं होतं. बाहेरच्या बाकड्यावर आमच्या शेजारी कातडी बॅग घेतलेला औषध कंपनीचा एक टायवाला बसला होता, त्याच्या बॅगेवर काय लिहिलं होतं तेही मी पाहिलं होतं.

पण मला माझा नवरा हवा होता. म्हणून मी मध्ये पडले. “साहेब, ह्यांना ह्यांच्या धंद्यातलं काही सांगा ना. लवकर पटेल.”

माझी ही हुशारी मला पुढं चांगलीच नडली.

डॉक्टर खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “चाचा, रक्ताच्या नळीला आतून एक अस्तर असतं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, जिवंत पेशींचं. आपलं शरीर प्राणवायू वापरतं, तेव्हा त्यातनं काही व्रात्य तुकडे सुटतात, ते ह्या अस्तराला चावतात. अस्तर गंजतं म्हणा. गंजलेल्या जागी चरबी आत शिरते, शिरलेली नासते, तिथं फुगवटा येतो, मग गुठळी. तुम्हाला झालं ते हेच. ही गोळी चरबी कमी करतेच, शिवाय अस्तराच्या पेशींमधला गंजही कमी करते असं दिसलंय. तुमची कल्हईच समजा.”

“कुठं दिसलंय?”

“प्रयोगशाळेत. त्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात, त्यांना औषध देतात आणि मोजतात.”

“बशीत. माणसात नाही?”

“माणसात असं दिसलंय की एकदा झटका आलेल्यांनी ही गोळी घेतली, तर दुसरा झटका कमी जणांना येतो. चरबी बरोबर असलेल्यांनासुद्धा फायदा होतो. त्यात चरबीचा वाटा किती आणि गंजाचा किती, ह्यावर मात्र अजून वाद चालू आहे.”

डॉक्टरांना ते शेवटचं वाक्य गिळता आलं असतं. त्यांनी गिळलं नाही. आमच्या ह्यांनी बाकीचं सगळं तिथंच सोडलं आणि ‘वाद’ तेवढा उचलून घरी आणला.

निघताना डॉक्टर म्हणाले, “तंबाखू पूर्ण बंद. अस्तराला गंज चढवायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.”

“कधीच सोडली!” हे गळ्याला हात लावून म्हणाले.

“आणि ही गोळी चुकवायची नाही. पहिलं वर्ष धोक्याचं. दुसऱ्या झटक्याला प्रत्येक वेळी मोखाड्याहून नाशिक गाठता येतंच असं नाही.”

हे वाक्य मी घरी आणलं. ते माझ्या उशीखालीच राहिलं.

आता ह्यांच्या संशयाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल माणूस खडूस आहे. कल्हईला कथील लागतं. कथील महाग. त्यात शिसं मिसळलं तर स्वस्तात पडतं, भांडं तसंच चांदीसारखं चमकतं आणि खाणाऱ्याच्या पोटात हळूहळू विष जातं. असले लोक धंद्यात आहेत. म्हणून हे कुणाकडूनही कथील घेताना कांडी कानाशी धरून वाकवतात. खरं कथील वाकताना करकरतं, शिसं मुक्यानं वाकतं. ह्यांचे अब्बा हेच करायचे. ज्या घरात धातूलासुद्धा बोलायला लावल्याशिवाय आत घेत नाहीत, त्या घरात गोळी कशी मुकाट जाईल?

आणि जसा कल्हईवाला, तशी गिऱ्हाइकं. त्यातली सगळ्यात पक्की दाभोशाची फागी. तिच्या पाड्याचं लग्नातलं एक मोठं पितळी पातेलं आहे, सगळ्या घरांनी मिळून घेतलेलं. ते सांभाळायचं काम फागीकडं. दरवर्षी लग्नसराईच्या आधी ती ते जीपच्या टपावर घालून आणते आणि पायरी चढायच्या आधी म्हणते, “वाजव आधी.” मग हे कांडी तिच्या कानाशी नेऊन वाकवतात. कर्र झालं की फागी म्हणते, “हां. आता बोल.” वीस वर्षं झाली, तिनं एकदाही ‘राहू दे’ म्हटलं नाही. ह्यांना तिचा फार आदर.

गोळी सुरू झाली तेव्हा तिच्या खोक्यातला कागद मी वाचायला घेतला. तो कागद उलगडायला लागलं की मच्छरदाणीसारखा उलगडतच जातो. अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी. मी सातवी पास, पण रद्दीत एक फाटका शब्दकोश सापडला होता, त्याच्यावर माझं बरंच चालतं. रोज संध्याकाळी चार-सहा ओळी लावायच्या आणि ह्यांना वाचून दाखवायच्या. पोट बिघडू शकतं, वाचलं. डोकं दुखू शकतं, वाचलं. मग एक ओळ लागली: स्नायू दुखले किंवा अशक्त वाटले तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

मी मनात हिशेब केला. हा माणूस रोज भांड्यात नाचतो. ह्याच्या पोटऱ्या लग्नाच्या आधीपासून दुखतात. ही ओळ वाचली की उद्यापासून गोळी बंद. मी पुढच्या ओळीवर उडी मारली.

“पुढं?” हे म्हणाले.

“पुढं... कोरड्या जागी ठेवा.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. कांडी कानाशी धरून पाहतात, तसंच. मी मुक्यानं वाकले.

मार्चअखेर परत रक्त तपासलं. एकशे अडुसष्टाचे एकशे एकवीस झाले होते. मला आनंद झाला, ह्यांना आणखी संशय. “बघ. बरोबर होती ती आणखी खाली नेली. ह्या लोकांना थांबायचं कुठं ते ठाऊक नाही.” त्याच आठवड्यात हे तिळाचं तेल घेऊन पोटऱ्या चोळताना दिसले. मी म्हटलं, “वय झालं.” लग्नसराई तोंडावर आली होती, पातेली यायला लागली होती, आणि ह्यांना पाय हवे होते.

आणि मग एप्रिलात ताक आलं.

ताकापाठोपाठ मला दुसरी गोष्ट दिसली. संध्याकाळच्या जेवणानंतर मी गोळी तळहातावर ठेवायची, तर हे पूर्वी तिथंच पाणी पिऊन मोकळे व्हायचे. आता म्हणायला लागले, “दुकानातल्या माठाचं पाणी गार असतं,” आणि मूठ मिटून पडवीत जायचे. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची पडवीच. दहा पावलं. दहा पावलांसाठी मूठ एवढी घट्ट कोण धरतं?

शुक्रवारी दुपारी हे नमाजाला मशिदीत गेले आणि मी पडवीत शिरले. एकतीस वर्षांत मी ह्यांच्या सामानाला असा चोरून हात लावला नव्हता. शेगडी पाहिली, नवसागराचा डबा उघडला, कापसाची पिशवी चाचपली. भात्याच्या मागं गोणपाट होतं. ते उचललं.

दोन पितळी वाट्या. दोघींची कल्हई आतून खरवडून काढलेली. दोघींत ताक. एकीच्या तळाशी पांढरी पूड बसलेली. दोघींच्या काठाला, ताक जिथं टेकलं होतं तिथं, हिरवी कड. आणि वर भिंतीवर कोळशानं रेघा ओढलेल्या. अकरा.

मी भात्यावरच बसले, तो फुस्स करून दबला. अकरा दिवस माझा नवरा आपलं औषध वाटीला पाजत होता.

ह्यांनी काय केलंय ते कळायला मला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी काचेच्या बशीत केलं, ह्यांनी पितळेच्या वाटीत. एक वाटी गोळीची, एक बिनगोळीची, ताक एकच, सावली एकच. शिवाय एकदाच बघून कुणाला खोटं ठरवणं हे ह्यांच्यात बसत नाही, म्हणून रोज ताजं ताक आणि रोज नवी गोळी. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, कल्हई समजा. ह्यांनी समजली. आणि डॉक्टरांच्या तोंडात ती कल्हई घालणारी बाई तिथं भात्यावर बसून रडत होती.

भांडण करून उपयोग नव्हता. हे म्हणाले असते, “तुझ्या डोळ्यांनी बघ,” आणि डोळ्यांना हिरवंच दिसत होतं. मी गोणपाट होतं तसं ठेवलं. मग स्वयंपाकघरातली तिसरी पितळी वाटी घेतली, सांडशीच्या टोकानं तिची कल्हई खरवडली, ह्यांच्या कांडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडला (करकरला बिचारा), वाटीत टाकला, वर आंबट ताक ओतलं आणि वाटी तांदळाच्या डब्यामागं ठेवली.

पण तेवढे दिवस ह्यांना गोळीविना कसं ठेवायचं? उशीखालचं वाक्य टोचत होतं. मी गोळी कुटली आणि ह्यांच्या डाळीत घातली. शनिवारी घातली, रविवारीही घातली. हे वाटीला फसवत होते, मी ह्यांना. जेवताना ह्यांनी एकदा डाळ हुंगली, माझ्याकडं पाहिलं आणि जेवले.

सोमवारी सकाळी फागी पातेलं घेऊन आली. जीपवाल्यानं ते खाली उतरवलं, फागी पडवीच्या पायरीपाशी उभी राहिली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, “वाजव आधी.”

ह्यांनी कांडी नेऊन वाकवली. कर्र.

“हां. भाभी, पानी दे गो.”

मी पाण्याच्या तांब्यासोबत तिसरी वाटी बाहेर आणली आणि फागीच्या हातात ठेवली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी पणाला लावत होते. “फागीबाई, जरा बघा. ह्यात ह्यांचंच कथील आहे, तीन दिवस ताकात ठेवलंय. तरी काठ हिरवा.”

फागीनं वाटी उन्हात धरली. बोटानं काठ पुसला, वास घेतला. मग वाटीतला तुकडा काढून कानाशी वाकवला. तो करकरला. तिनं भुवया उंचावल्या.

“अय कुतुबचाचा! बोलतं तर खरं. मग ताक कसं कळकलं? वीस वरसं माज्या कानाशी नुसतं वाजवून फसवतंस काय?”

ह्यांचा चेहरा डिसेंबरात झाला असेल तसा झाला. मी घाबरले. पण हा रंग वेगळा होता, रागाचा.

“कुणी ठेवलं हे? कथील काय असं ताकात टाकून ठेवतात? अरे, भांडं तापवायला लागतं! नवसागर मारायला लागतो, धूर निघेपर्यंत! मग कथील लावलं की ते वितळतं, कापसानं सगळीकडं फिरवायला लागतं, तेव्हा कुठं धरतं! नुसता तुकडा टाकलात तर तो खड्यासारखा पडून राहणार. त्यात कथलाचा काय दोष? ते जिथं जायला पाहिजे तिथं गेलंच नाही, तर त्यानं...”

आणि हे थांबले. भात्यातली हवा संपते तसे.

“तर त्यानं काय?” फागीनं विचारलं. ती गिऱ्हाईक होती, तिला उत्तर हवं होतं.

“तर त्यानं काही नाही,” हे म्हणाले, माझ्याकडं न बघता.

मी भात्यामागं गेले, गोणपाट उचललं आणि बाकीच्या दोन वाट्या आणून तिसरीशेजारी मांडल्या. फागीनं तिन्ही वाट्यांवरून नजर फिरवली.

“तुमच्या घरात ताक प्यायला मानसं नाय काय? आन् ही पांढरी पूड कसली?”

“ह्यांच्या काळजाची गोळी. डॉक्टरांनी दिलेली.”

“मंग वाटीत कशी?” तिनं पूड बोटानं ढवळली. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, “वाटीला झटका आलता काय?”

मला हसू फुटलं आणि रडूही आलं. हे उठून आत गेले. फागी दोन दिवसांनी पातेलं न्यायला येते म्हणाली आणि जाताना माझ्या कानाशी लागून पुटपुटली, “बरा हाय तसा. पन ध्यान ठेव.”

ती गेल्यावर मी आत गेले. हे भिंतीला टेकून बसले होते, पोटऱ्या हातांनी दाबत.

“दोन दिवस डाळ कडू का होती?”

मी पदराला हात पुसत राहिले.

“आणि तो कागद आण. वाचता वाचता मध्येच थांबली होतीस ती ओळ वाच.”

कागद मी आणला. शोधायला लागलं नाही, ती ओळ मला डोळे मिटूनही सापडली असती. मी वाचली. स्नायू दुखले किंवा अशक्त वाटले तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

ह्यांनी पोटऱ्यांवरचे हात काढले. “म्हणजे माझे पाय...”

“असेलही, नसेलही. तुम्ही किती वर्षं भांड्यात नाचताय.”

“पण तू लपवलंस.”

“तुम्ही नाही लपवलं?”

“मी वाटीत लपवलं. तू वाचताना लपवलंस. खैरुन, मला वाचता येत नाही. माझ्याकडं दुसरा कागद नाही, तूच आहेस.”

“तुमच्या भल्यासाठी केलं.”

“शिसं मिसळणारा पण हेच म्हणतो. गिऱ्हाइकाला स्वस्त पडावं म्हणून.”

मी चूल पेटवली, चहा ठेवला. चहा पिताना हे म्हणाले, “उद्या नाशिकला जाऊ. पण बोलणार मी.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं गेलो. हे डॉक्टरांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. पोटऱ्या सांगितल्या, वाट्या सांगितल्या, अकरा रेघा सांगितल्या, माझी डाळसुद्धा सांगितली. मला वाटलं डॉक्टर हसतील. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“चूक माझी झाली, चाचा. कल्हई म्हणायला नको होतं. कल्हई मेलेल्या धातूवर बसते आणि महिनोन् महिने राहते. ही गोळी कुठं जाऊन बसत नाही. ती पोटातून रक्तात उतरते आणि जिवंत पेशीला निरोप देते, की हे काम कमी कर, ते वाढव. गंज आवरायचं काम पेशीच करते. पितळेला निरोप कळणार कसा? आणि निरोपाचा असर टिकत नाही, म्हणून रोज द्यायचा.”

“आणि पाय?”

“पाय दुखायला लागल्याबरोबर यायला हवं होतं.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी माझ्या चपलांकडं. रक्त काढलं, दुपारपर्यंत थांबलो. स्नायूंना इजा दिसत नाही, असं निघालं. तरी डॉक्टरांनी गोळी निम्म्या ताकदीची केली आणि महिन्यानं परत या, पाय तरीही दुखले तर गोळी बदलू, असं सांगितलं.

ह्यांनी उठताना विचारलं, “साब, तो वाद मिटला?”

“कुठला?”

“गंजाचा वाटा किती, तो.”

“नाही मिटला. बहुतेक आपल्या हयातीत मिटायचा नाही.”

परतीच्या गाडीत त्र्यंबकपर्यंत हे गोळ्यांची पुडी चाळवत होते. मग म्हणाले, “मिटला म्हणाला असता ना, तर नवीन गोळ्या मी ह्याच खिडकीतून फेकल्या असत्या.”

“आता घ्याल?”

“घेईन. पण विश्वास बसला म्हणून नाही, हां. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाला, म्हणून.” जरा वेळानं परत म्हणाले, “त्या पेनाचं मात्र मला अजून पटलेलं नाही.”

मला तरी कुठं पटलं होतं?

घरी आल्यावर आमचा करार झाला. त्यांची अट अशी की कागदावरची एकही ओळ गाळायची नाही, कितीही वाईट असली तरी. माझी अट अशी की गोळी माझ्यासमोर घ्यायची आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं.

“मी काय शाळेतलं पोर आहे?”

“फागी तुमचं कथील वाजवून घेते, तेव्हा तुम्हाला राग येत नाही.”

ह्यावर हे हसले. एप्रिल लागल्यापासून पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी पडवीत फागीचं पातेलं पालथं पडलं होतं, सोमवारी दुपारीच कल्हई झालेलं. ह्यांनी ते त्या दिवशी पायांनी घासलं नव्हतं. काठाशी बसून विटेच्या तुकड्यानं, हातानं, दुप्पट वेळ लावून घासलं होतं. तिन्ही वाट्याही झाल्या होत्या, चांदीसारख्या. त्यातल्या एकीत मी पाणी दिलं, तळहातावर निम्म्या ताकदीची नवी गोळी ठेवली. ह्यांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, सवयीनं कानाशी नेली, आणि मग तोंडात टाकून पाणी प्याले.

“आ करा.”

ह्यांनी आ केला. मी बॅटरी मारली.

“जीभ वर. आता डावीकडं. आता उजवीकडं.”

गोळी नव्हती. जिभेखाली नाही, गालात नाही. गिळली होती. माझ्या छातीवरचा चार महिन्यांचा धोंडा उतरतो न उतरतो, तोच उजव्या दाढेच्या मागं मला एक काळपट कण दिसला.

“हे काय आहे?”

ह्यांनी तोंड मिटलं. “जिरं असेल.”

“आज जेवणात जिरं नव्हतं.”

“मग कालचं.”

जिऱ्याला चुना-तंबाखूचा वास येत नाही. मी बॅटरी विझवली नाही. ती तोंडावरून खाली आणली, सदऱ्यावर धरली.

“उठा,” मी म्हटलं. “खिसे उलटे करा.”